कहुटावर न पडलेले बॉम्ब

"इस्रायलनं करून दाखवलं. मग आपल्याला का नाही जमलं?"

पाकिस्तानचा विषय निघाला की हा प्रश्न येतोच. नांदेडला वजिराबादेत चहाच्या टपरीवर येतो, लातूरला गंजगोलाईत दुकानाच्या पायरीवर येतो, आणि हल्ली तर व्हॉट्सअॅपवर सकाळच्या सुप्रभातच्या फुलांसोबत येतो. प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर नकोच असतं. ते त्याच्याकडे तयार असतं: आपले राज्यकर्ते कचखाऊ! १९८० च्या दशकात कहुटावर वेळेवर चार बॉम्ब टाकले असते तर पाकिस्तानकडे अणुबॉम्ब नसता, मग कारगिल नाही, २६/११ नाही, काहीच नाही.

मला हे पटत नाही. का पटत नाही ते जरा सविस्तर लिहितो. हा सगळा दिल्लीतल्या मोठ्या लोकांचा मामला, आपल्या मराठवाड्याचा त्यात काय संबंध, असं कुणाला वाटत असेल तर थोडं थांबा. संबंध आहे, आणि बराच जवळचा आहे.

आधी ज्याचा दाखला दिला जातो ती गोष्ट बघू. ७ जून १९८१, रविवार. इस्रायलची आठ एफ-१६ विमानं बॉम्ब घेऊन आणि सहा एफ-१५ त्यांच्या संरक्षणाला, अशी सिनाईतल्या एटझियॉन तळावरून निघाली. वाळवंटावरून अगदी खालून, रडारला दिसू नये अशा बेतानं, हजारएक किलोमीटर उडत बगदादजवळच्या ओसिराक अणुभट्टीवर पोचली. प्रत्येक एफ-१६ कडे दोन हजार पौंडांचे दोन बॉम्ब. दोन मिनिटांच्या आत काम आटोपलं आणि सगळी विमानं सुखरूप परत गेली. त्या वैमानिकांतला वयानं सर्वांत लहान इलान रॅमन पुढे अंतराळवीर झाला आणि १ फेब्रुवारी २००३ ला कोलंबिया यानात आपल्या कल्पना चावलासोबत गेला. सिनेमा निघावा अशीच ही मोहीम. धाडस होतं, यात शंका नाही.

पण सांगणारे दोन गोष्टी सांगायचं विसरतात. पहिली, त्या अणुभट्टीत अजून इंधन भरलेलं नव्हतं. मुद्दाम तोच मुहूर्त साधला होता. भट्टी एकदा चालू झाली असती तर बॉम्बनं उडालेला किरणोत्सार बगदादवर पसरला असता. दुसरी, इराक तेव्हा इराणशी लढाईत गळ्यापर्यंत रुतला होता. त्या घटकेला इस्रायलवर उलटून यायची ताकद त्याच्याकडे नव्हती. म्हणजे ज्या घरावर धोंडा टाकायचा ते रिकामं होतं आणि घरमालकाचे हात बांधलेले होते. या दोन गोष्टी ध्यानात ठेवा, पुढे लागतील.

आता कहुटा. रावळपिंडीपासून जवळ, डोंगराळ भागातलं गाव. हॉलंडमध्ये नोकरी करून तिथलं तंत्र घेऊन आलेल्या अब्दुल कादीर खानांनी १९७६ पासून इथे युरेनियम समृद्ध करायचा कारखाना उभा केला. डेअरीत दुधातून साय वेगळी काढायचं गरगर फिरणारं यंत्र तुम्ही बघितलं असेल. तत्त्व साधारण तेच. फक्त इथे युरेनियमचा वायू असतो आणि यंत्रं हजारोंनी लागतात. ओसिराकच्या दुसऱ्या वर्षी, डिसेंबर १९८२ मध्ये, वॉशिंग्टन पोस्टनं बातमी छापली की भारतीय लष्करानं इंदिरा गांधींपुढे पाकिस्तानच्या अणुकेंद्रांवर हल्ल्याची योजना ठेवली होती, पण त्यांनी ती बाजूला ठेवली. आपल्या हवाई दलाकडे १९७९ पासून जग्वार विमानं येऊ लागली होती. खालून उडत जाऊन खोलवर मारा करायला ती बनलेलीच. त्या वर्षांत हवाई दलानं या हल्ल्याचा अभ्यास केला होता, असं पुढे अनेक अभ्यासकांनी लिहिलं. इस्रायलनं मदत देऊ केली होती आणि विमानं जामनगरहून उडायची होती, असंही एका पुस्तकात आलं. सरकारनं मात्र अशी काही योजना होती हे कधी अधिकृतपणे मान्य केलेलं नाही. त्यामुळे यातलं किती खरं आणि किती पदरचं, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

सगळ्यात जास्त तापलं ते १९८४ च्या सप्टेंबरात. एप्रिलमध्ये आपलं सैन्य सियाचीनवर चढलं होतं. जूनमध्ये अमृतसरला सुवर्णमंदिरात कारवाई झाली होती आणि पंजाब पेटला होता. त्यात अमेरिकन माध्यमांत बातमी आली की सीआयएनं तिथल्या सिनेटर लोकांना सांगितलं आहे, भारत पाकिस्तानच्या अणुकेंद्रावर हल्ला करण्याची शक्यता आहे. पाकिस्तानात धावपळ उडाली. हल्ला झाला नाही. ३१ ऑक्टोबरला इंदिराजींची हत्या झाली आणि तो अध्याय तिथेच मिटला.

आता आपल्या संबंधाकडे येऊ. त्या सप्टेंबरात भारताचे संरक्षणमंत्री कोण होते? नांदेडचे शंकरराव चव्हाण. ऑगस्ट १९८४ मध्येच ते त्या खात्यात आले होते. आणि विज्ञान-तंत्रज्ञान, अणुऊर्जा ही खाती राज्यमंत्री म्हणून कोण बघत होतं? लातूरचे खासदार, चाकूरचे शिवराज पाटील. तेच शिवराज पाटील १९८० ते ८२ या काळात संरक्षण राज्यमंत्री होते, म्हणजे ओसिराकची बातमी दिल्लीत आली तेव्हाही ते त्याच खात्यात होते. खातं तेव्हा खुद्द इंदिराजींकडे होतं. अर्थात निर्णय पंतप्रधानांचाच असणार, आणि कोणत्या बैठकीत कोण काय बोललं याचा कागद आपल्यासमोर नाही. तेव्हा या दोघांनी हल्ला थांबवला किंवा रेटला असं काही मी म्हणत नाही. एवढंच म्हणतो, की ज्या दोन जिल्ह्यांत आज "का नाही जमलं" असा प्रश्न चवीनं विचारला जातो, त्याच दोन जिल्ह्यांची माणसं त्या काळात त्या खात्यांच्या खुर्च्यांवर होती. शंकरराव २००४ मध्ये गेले, शिवराज पाटील २०२५ मध्ये गेले. जायकवाडी, विष्णुपुरी, रेल्वे, पाणी, सगळ्याचा हिशोब आपण त्यांच्याकडे मागितला, मागायलाच हवा होता. पण देशाच्या इतक्या नाजूक घडीला तुम्ही त्या खात्यात होता, तेव्हा काय विचार झाला, हे जाहीर सभेत कुणी विचारल्याचं मला तरी आठवत नाही. आपला मंत्री दिल्लीत फक्त आपल्यासाठी काही आणायला जातो, अशीच आपली समजूत. असो.

आता कचखाऊपणाबद्दल. ज्या बाईनं १९७१ ला पाकिस्तानचे दोन तुकडे केले, १९७४ ला पोखरणला अणुस्फोट केला आणि १९८४ च्या एप्रिलात सियाचीनवर सैन्य चढवलं, ती भित्री होती म्हणून कहुटावर गेली नाही? हे गणित काही जुळत नाही. मग तिनं काय बघितलं असेल?

माझ्या मते तिनं तुर्भे बघितलं.

मुंबईत तुर्भेला भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. राजा रामण्णा आणि पाकिस्तानच्या अणुऊर्जा आयोगाचे प्रमुख मुनीर अहमद खान यांची १९८३ मध्ये व्हिएन्नात गाठ पडली, आणि कहुटाला हात लावलात तर आम्ही तुर्भ्याला लावू, असं खानांनी रामण्णांना सुनावलं, असं सांगितलं जातं. ही भेट अगदी तशीच झाली की नाही हे सोडून द्या. धमकी दिली नसती तरी गणित तेच राहिलं असतं. नकाशा उघडून बघा. इस्रायलची विमानं ओसिराकला जायला हजारएक किलोमीटर उडाली. कराचीहून मुंबई सुमारे ९०० किलोमीटर, आणि तेही मोकळ्या समुद्रावरून. आणि १९८३ पासून पाकिस्तानकडे कोणती विमानं यायला लागली होती? अमेरिकेनं दिलेली एफ-१६. ज्या विमानानं ओसिराक उडवलं, तेच!

आता मघाच्या दोन गोष्टी आठवा. ओसिराकमध्ये इंधन नव्हतं. कहुटात युरेनियमचा वायू होता. तो विषारीच, पण बॉम्ब पडला तर त्याचं विष बरंचसं आसपासच पसरलं असतं. आणि तुर्भ्याला काय होतं? सायरस ही अणुभट्टी १९६० पासून चालू होती. वापरलेल्या इंधनातून प्लुटोनियम काढायचा कारखाना होता. चोवीस वर्षांचा सगळा किरणोत्सारी माल तिथे, आणि भोवती मुंबई. १९८१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या ८२ लाख होती. वर तारापूरच्या दोन अणुभट्ट्या १९६९ पासून वीज बनवत होत्या, त्याही समुद्राच्या काठावर. म्हणजे आपण त्यांचं कोठार फोडायचं आणि त्यांनी आपली पेटती चूल आपल्याच घरावर उपडी करायची, असा तो सौदा होता. आणि पाकिस्तानचे हात काही इराकसारखे बांधलेले नव्हते.

त्या ८२ लाखांत कोण होतं? १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातली गावंच्या गावं रिकामी झाली आणि माणसं मुंबईला गेली. चेंबूर, गोवंडी, मानखुर्दच्या झोपड्यांत त्यांनी संसार मांडले. तुर्भ्याचं केंद्र त्यांच्या दारातच. आजही देवगिरी एक्सप्रेसच्या जनरल डब्यात बसून बघा, निम्मा डबा पोरा-नातवांना भेटायला निघालेला असतो. कहुटाचा बदला पिंडीत किंवा दिल्लीत चुकता झाला नसता. तो आपल्या कंधार-मुखेड-अहमदपूरच्या माणसांनी चुकवला असता, आणि त्यांना तो कशाबद्दल चुकवतोय हे कळलंही नसतं.

हे कल्पनेचे खेळ वाटत असतील तर त्याच वर्षीचा डिसेंबर आठवा. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री भोपाळला एका कारखान्याच्या टाकीतून वायू सुटला. ना युद्ध, ना बॉम्ब. हवा जिकडे वाहिली तिकडची हजारो माणसं गेली. वारा शत्रू-मित्र बघत नाही. आपल्याकडे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूर भागात भूकंपानं हजारो माणसं ढिगाऱ्याखाली गेली. पण निदान दुसऱ्या दिवशी मदतीला माणूस धावत येऊ शकला, आलेल्याला तिथे श्वास घेता आला. पुढे त्याच परिसरात घरं बांधून राहता आलं. अणुभट्टी फुटली तर तेही नाही. १९८६ ला चेर्नोबिलनं ते साऱ्या जगाला दाखवलं.

बरं, एवढी जोखीम घेऊन हाती काय लागलं असतं? पुन्हा ओसिराककडेच बघा. भट्टी उद्ध्वस्त झाली, त्याच महिन्यात सुरक्षा परिषदेनं एकमतानं इस्रायलचा निषेध केला, आणि सद्दाम हुसेननं काय केलं? उघड्यावरचं काम गुपचूप सुरू केलं, जास्त पैसा आणि जास्त माणसं लावून. १९९१ च्या आखाती युद्धानंतर निरीक्षक इराकमध्ये शिरले तेव्हा त्यांना तिथे युरेनियम समृद्ध करायचा मोठा छुपा कार्यक्रम सापडला. वारुळावर काठी घातली म्हणून साप मरतोच असं नाही. तो दुसऱ्या बिळातून निघतो, आणि आता चवताळलेला असतो. अणुबॉम्ब काही इमारतीत नसतो. तो शिकलेल्या माणसांच्या डोक्यात, आराखड्यांत आणि माल पुरवणाऱ्यांच्या वहीत असतो. कहुटाची इमारत पाडली असती, तरी खानांच्या डोक्यातलं आणि युरोपभरच्या पुरवठादारांकडचं काय पाडणार होतो?

यावर प्रतिवाद आहे आणि तो मी टाळणार नाही. ६ सप्टेंबर २००७ ला इस्रायलनं सीरियातली अणुभट्टी उडवली आणि त्यानंतर सीरियाला बॉम्ब काही बनवता आला नाही. म्हणजे कधीकधी जमतं. पाच-दहा वर्षांचा उशीर होणं हीसुद्धा काही लहान गोष्ट नाही. उलट बाजूला जून २०२५ मध्ये इस्रायल आणि अमेरिकेनं इराणच्या अणुकेंद्रांवर केवढे मोठे बॉम्ब टाकले. त्यानंतरही कित्येक महिने आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेला तिथल्या समृद्ध युरेनियमच्या साठ्याची पडताळणी करता आली नाही. इमारत पडलेली दिसते, माल कुठे गेला ते दिसत नाही.

आणि आपण न केलेल्या हल्ल्याची किंमत? ती आपण मोजली, हेही खरं. २८ मे १९९८ ला पाकिस्ताननं चगाईत स्फोट केले. दुसऱ्याच वर्षी कारगिल झालं, आणि आपल्या हवाई दलाला ताबारेषा ओलांडायची नाही अशा बंधनात लढावं लागलं. २००४ मध्ये अब्दुल कादीर खानांनी टीव्हीवर येऊन कबूल केलं की त्यांनी हे तंत्र दुसऱ्या देशांनाही पुरवलं. मग २६/११. तेव्हा गृहमंत्री होते शिवराज पाटील, आणि त्यांना राजीनामा द्यावा लागला. पाकिस्तानकडे अण्वस्त्रं नसती तर आपलं उत्तर वेगळं झालं असतं का? कदाचित झालं असतं. गेलेल्या जवानाच्या आईला "तुर्भे वाचलं ना" असं सांगून समाधान होणार नाही, आणि मी ते सांगायला जाणारही नाही.

तरीही दोन पारडी समोर ठेवली तर माझं मन न झालेल्या हल्ल्याकडेच झुकतं. कारण त्यातून एक गोष्ट निघाली जिच्याबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं. १७ डिसेंबर १९८५ ला दिल्लीत राजीव गांधी आणि झिया-उल-हक यांच्यात ठरलं, एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही. ३१ डिसेंबर १९८८ ला इस्लामाबादला त्याचा लेखी करार झाला, तेव्हा तिकडे बेनझीर भुत्तो पंतप्रधान होत्या. २७ जानेवारी १९९१ ला तो अंमलात आला. त्यानुसार दरवर्षी १ जानेवारीला दोन्ही देश आपापल्या अणुकेंद्रांची यादी एकमेकांना देतात. १९९२ पासून एकदाही खंड नाही. कारगिल झालं, यादी गेली. संसदेवर हल्ला होऊन सरहद्दीवर दोन्ही सैन्यं समोरासमोर उभी होती, १ जानेवारी २००२ ला यादी गेली. २६/११ झालं, महिनाभरात यादी गेली. पुलवामा झालं, यादी गेली. मे २०२५ मध्ये चार दिवस क्षेपणास्त्रं आणि ड्रोन उडाले, राजदूतांची कार्यालयं अर्धी रिकामी झाली, पाणीवाटपाचा करार आपण स्थगित केला. आणि १ जानेवारी २०२६ ला यादी गेली. सलग पस्तिसावी.

त्या मे महिन्यातली एक गंमत सांगतो. आपण पाकिस्तानातल्या किराणा हिल्सवर, म्हणजे जिथे त्यांची अण्वस्त्रं असल्याचं बोललं जातं तिथे, मारा केला अशी आवई उठली. आपल्याकडे पेढे वाटायच्या बेतात लोक होते. एअर मार्शल ए. के. भारती यांनी पत्रकारांसमोर स्पष्ट सांगितलं की आम्ही तिथे मारा केलेला नाही. हे ऐकून कित्येकांचा चेहरा पडला. मला मात्र तेव्हा वाटलं, चला, एवढ्या धुमश्चक्रीतही ती रेघ कुणाच्या तरी डोक्यात पक्की आहे. लढणाऱ्यांना ती कळते. घरी बसून टीव्ही बघणाऱ्यांना कळत नाही.

ही यादी म्हणजे मैत्री नव्हे. विश्वास तर नव्हेच, यादी पूर्ण आहे की नाही यावर दोन्हीकडे शंका असणारच. शेतीत दोन भाऊबंदांचं हाडवैर असतं, कोर्टात पन्नास वर्षं केस चालते, बांधावरून कुऱ्हाडी निघतात. पण दोघांनाही पाणी पाजणाऱ्या विहिरीत विष कुणी टाकत नाही. टाकलं तर उद्या आपलंच पोर मरेल, एवढा हिशोब रागातही शाबूत असतो. यादी म्हणजे तोच हिशोब.

आपल्याकडे धाडस म्हणजे तडाखा, एवढंच समीकरण झालं आहे. ओसिराकच्या वैमानिकांचं धाडस मी नाकारत नाही. पण हातात जग्वार आहेत, योजना तयार आहे, देशात संताप आहे, आणि तरी नकाशावर तुर्भ्याकडे बघून "नको" म्हणायचं, यालाही छाती लागते. आणि या छातीचं कौतुक कधीच होत नाही, कारण दाखवायला काही नसतं. न पडलेल्या बॉम्बचा फोटो निघत नाही. मानखुर्दच्या ज्या झोपडीवर काही झालं नाही, तिच्यावर सिनेमा निघत नाही.

तेव्हा "आपल्याला का नाही जमलं" असं पुन्हा कुणी विचारलं, तर त्याला एवढंच विचारा: तुझं मुंबईला कोण असतं? बहुतेकांचं कुणी ना कुणी असतंच.